आता नाही, पाणी उतरतंय

मुलुंड, भांडुप, घाटकोपर या पट्ट्यात आयुष्य काढलेल्या माणसालाही घरापासून रिक्षाच्या अंतरावर खाडी आहे याची फारशी जाणीव नसते. पूर्व द्रुतगती मार्गावरून जाताना मिठागरं दिसतात, तिवरांची हिरवी रेघ दिसते. गाडी ऐरोलीच्या पुलावर चढली की थोडा वेळ करडं पाणी दिसतं आणि संपतं. त्या पाण्यात होडीने फिरता येतं, थंडी सुरू झाली की रोहित पक्ष्यांचे थवे तिथे उतरतात आणि मे महिना उलटेपर्यंत राहतात, हे कळलं की लोक हरखतात. मग हमखास पुढचा प्रश्न येतो, "रविवारी अकराला जमेल का? नाश्ता आटोपून निघतो."

खाडीवर काम करायला लागल्यापासून हा प्रश्न मी सतत ऐकत आलो आहे. पक्षी ओळखून दाखवणं, जॅकेटं चढवणं, हात धरून माणसं होडीत घेणं हे माझं काम. पण या कामातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं कौशल्य कोणतं असं कुणी विचारलं, तर मी "नाही म्हणणं" असंच सांगेन. समोरच्याने पैसे भरलेले असतात, पोरं नटून आलेली असतात, आजी-आजोबांना मोठ्या हौसेने आणलेलं असतं, आणि तरीही नाही म्हणावं लागतं.

आमच्या उपनगरांत तीन मोठे तलाव आहेत, पण मौजेने होडी फिरवायला जागा थोडीच आहे. विहार १८६० सालचा, तुळशी १८७९चा. दोन्ही शहराला पिण्याचं पाणी देतात आणि राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात आहेत, त्यामुळे तिथे सहलीच्या होड्यांचा प्रश्नच नाही. पवई १८९१चा. त्याचं पाणी पिण्याजोगं राहिलं नाही म्हणून ते कधीच सोडून दिलं गेलं. आता तिथे जलपर्णी आहे, गळ टाकणाऱ्यांची जुनी संघटना आहे आणि मगरीही आहेत. काठावर उन्हात पडलेली मगर पाहिलेला माणूस त्या पाण्यात पाय बुडवून बसायचा विचार पुन्हा करत नाही. म्हणजे बोरिवलीच्या उद्यानातलं पायडलबोटींचं पाणी, शेजारच्या ठाण्यात मासुंदा तलाव, आणि मग ही खाडी. पूर्व उपनगरातल्या माणसाचं नौकाविहाराचं जग एवढ्यात आटोपतं.

लालबहादूर शास्त्री मार्गावरचा माझा कारखाना बंद पडला तेव्हा मी आधी एका तलावावर पायडलबोटींच्या धक्क्यावर लागलो. तिकीट फाडायचं, बोट दोरीने जवळ ओढायची, माणसं बसवायची, वेळ संपली की शिट्टी मारायची. काम साधं वाटतं. पण तिथे एक गोष्ट पक्की समजली: माणसं पाण्याच्या मध्यावर क्वचित पडतात, पडतात ती धक्क्यावर. एक पाय दगडावर, एक पाय बोटीत, हातात मोबाईल आणि खांद्यावर पर्स. बोट अशी अर्ध्या वजनाने दाबली गेली की ती धक्क्यापासून लांब सरकते आणि दोन पायांमधलं अंतर वाढत जातं. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो. हातातलं सगळं आधी माझ्याकडे द्या, बोटीच्या कडेवर पाय देऊ नका, थेट मधोमध टाका, आणि टाकल्याबरोबर खाली बसा. हात देतानाही बोटं धरायची नाहीत, एकमेकांचं मनगट धरायचं. ओल्या हातांची बोटं निसटतात, मनगटं सहसा निसटत नाहीत.

दुसरी गोष्ट जागा बदलण्याची. मधेच "आता तू इकडे ये, मला पायडल मारायचंय" असं म्हणून दोघं एकदम उभी राहतात. बसलेल्या माणसाचं वजन खाली असतं, उभ्या माणसाचं वर जातं, आणि छोटी बोट ते सहन करत नाही. जागा बदलायची असेल तर धक्क्यावर या, आम्ही वेळ वाढवून देऊ, असं मी सांगू लागलो. मालकाला ते आवडलं नाही, पण बोट उलटण्यापेक्षा पाच मिनिटं फुकट गेलेली परवडतात.

खाडीवर आलो आणि सगळं नव्याने शिकावं लागलं. तलावाचं पाणी जागच्या जागी असतं. ठाण्याची खाडी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा रिकामी होते. सकाळी जिथे होडी तरंगते तिथे दुपारी नुसता चिखल चकाकत असतो. त्यामुळे इथे होडी कधी सुटणार हे पाणी ठरवतं, पर्यटकांची सोय नाही.

मला वेळेचं गणित शिकवलं ते एका म्हाताऱ्या आगरी तांडेलाने. त्याच्याकडे छापील तक्ता नव्हता. तिथी विचारायचा आणि तिची पाऊणपट करायचा. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमी असेल तर सहाला, दशमी असेल तर साडेसातला. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. सकाळीही तीच वेळ, संध्याकाळीही साधारण तीच. रोज पाऊण तासाने भरती पुढे सरकते, एवढंच त्या हिशेबाचं मर्म. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाणाचं पाणी, भरपूर चढणारं आणि भरपूर ओसरणारं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, त्यात चढणंही कमी आणि उतरणंही कमी. कोकणात आणि आमच्या कोळीवाड्यांत हे पोरासोरांना येतं. मोबाईलवर आता मिनिटासकट वेळा मिळतात आणि आम्ही त्या बघतोच, खाडीच्या वरच्या टोकाला भरती थोडी उशिरा पोहोचते तेही धरतो. पण पाऊणपट डोक्यात असली की फोनवर विचारणाऱ्याला लगेच सांगता येतं: "येत्या रविवारी अष्टमी आहे. अकराला येतो म्हणता, पण तेव्हा खाडीत नुसता गाळ असेल."

पक्षी दिसण्याचं गणित आणखी वेगळं. रोहित उथळ चिखलात चरतात. पाणी पूर्ण चढलं की चिखल बुडतो आणि थवे उठून मिठागरांत, काठच्या पाणथळींत जाऊन बसतात. पाणी फार कमी असेल तर होडीच त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. मधली वेळ साधायची असते. होडी चालण्याइतकं पाणी आणि पक्षी थांबण्याइतका चिखल, असा एखाद-दीड तास मिळतो. तो चुकला की चुकला.

एकदा असंच दशमीच्या सुमाराला एका मोठ्या गटाने सकाळी लवकरची वेळ ठरवली होती. पुनःपुन्हा सांगितलं होतं की सहाला धक्क्यावर हजर राहा. ते आले सव्वानऊला. वाटेत कुणाची गाडी अडकली, कुणाची झोप झाली नव्हती. तांडेल होडी बांधून बिडी ओढत बसला होता. त्याने पाण्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "आता नाय. पानी उतरतंय." गटाच्या म्होरक्याने आधी विनवलं, मग दुप्पट पैसे देऊ केले, मग आवाज चढवला. मी तांडेलाच्या बाजूने उभा राहिलो. ते चिडून निघून गेले आणि दुसरीकडून कुणाची तरी होडी मिळवून पाण्यात उतरलेच.

दहाच्या सुमाराला ती होडी चिखलात बसली. ओहोटी अजून साडेतीन-चार तास चालणार होती. गेलेलं पाणी तेवढ्याच पातळीला परत यायला संध्याकाळचे पाच वाजून गेले. डोक्यावर उन्हाळ्याचं ऊन, होडीला छत नाही, पिण्याचं पाणी बाराच्या आत संपलेलं, बायकांची तर फारच कुचंबणा. उतरून चालत यावं तर हा चिखल मांडीपर्यंत गिळतो, त्यात शिंपल्यांच्या धारा आणि फुटक्या बाटल्या. एकाने तसा प्रयत्न केला, त्याचा पाय चिरला. गावातल्या माणसांनी, ज्यांना चिखलात कुठे पाय टाकायचा हे ठाऊक असतं, त्यांनीच दुपारी पाण्याच्या बाटल्या पोहोचवल्या. जीव कुणाचा गेला नाही. पण त्या दिवसानंतर आमच्या धक्क्यावर सगळ्या तांडेलांनी मिळून ठरवलं की उशिरा आलेल्याला कुणीच घेऊन जायचं नाही. एकाने नाही म्हणायचं आणि दुसऱ्याने त्याचंच गिऱ्हाईक उचलायचं, असं चाललं की नाही म्हणणाऱ्याच्या पोटावर पाय येतो. नकार सगळ्यांचा एक असावा लागतो. हा माझ्या मते आमच्या धक्क्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय होता.

माणसं किती बसवायची हा दुसरा झगडा. होडीच्या अंगावर आकडा रंगवलेला असतो. तो वाचून लोक म्हणतात, "दोनच जास्त आहेत, सडपातळ आहेत." किंवा, "लहान आहे, मांडीवर बसेल." मांडीवरच्या मुलालाही वजन असतं आणि होडी उलटली तर त्यालाही जॅकेट लागतं. शिवाय रोहितांच्या होडीत एक खास धोका आहे. थवा दिसला की सगळी माणसं एका बाजूला झेपावतात, मोबाईल वर धरून उभी राहतात. तोच क्षण सगळ्यात वाईट. म्हणून थवा दिसण्याच्या आधीच मी सांगून ठेवतो: होडी आम्ही फिरवू, आधी डाव्या बाजूच्यांना पक्षी दिसतील, मग उजव्या, आपल्या जागेवरून कुणी हलायचं नाही. होडी फिरणार याचा भरवसा मिळाला की लोक बसून राहतात. नुसतं "बसा, बसा" ओरडून कुणी बसत नाही.

एका शाळेची सहल आली होती तेव्हाची गोष्ट. एका वर्गाची सगळी मुलं एकाच फेरीत न्यावीत असा बाईंचा आग्रह होता, कारण दोन फेऱ्या केल्या तर पुढचा कार्यक्रम चुकत होता. मी नाही म्हटलं. त्या नाराज झाल्या, अर्धी मुलं धक्क्यावर थांबली आणि तीही रुसली. पुढे १८ जानेवारी २०२४ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बहुतेक मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्यानंतर काही दिवसांनी त्याच बाईंचा फोन आला. पुढच्या सहलीसाठी त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत ना तुमच्याकडे?" मला त्या बाईंबद्दल फार आदर वाटला.

२०२४ हे वर्ष आमच्या धंद्यात कुणी विसरणार नाही. जानेवारीत वडोदरा. मे महिन्यात उजनीच्या जलाशयात कुगाव आणि कळाशीच्या मधे वादळी वाऱ्यात बोट बुडाली आणि सहा जण गेले. डिसेंबरात गेटवेजवळ घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर वेगातली नौका येऊन आदळली. प्रत्येक घटनेनंतर काही आठवडे लोक निमूटपणे जॅकेट घालायचे, उलट आम्हालाच विचारायचे, बक्कल नीट लागलं का बघा. मग हळूहळू पुन्हा तेच. "गरम होतं हो." "फोटोपुरतं काढतो." "मला पोहता येतं."

पोहता येणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की खाडी म्हणजे तरणतलाव नाही. ओहोटीची ओढ अंगावर येते तेव्हा चांगला पोहणाराही होडीपासून बघता बघता लांब जातो, आणि तळाशी पाय टेकवावा तर गाळात रुततो.

जॅकेटाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. जॅकेट नुसतं अंगात अडकवून उपयोग नसतो. पट्टे सैल असतील तर पाण्यात पडल्याबरोबर जॅकेट वर सरकतं, हनुवटीच्याही वर येतं आणि माणूस त्याच्यातून खाली निसटतो. तपासायची पद्धत सोपी आहे. पट्टे लावून झाले की जॅकेट दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढायचं. कानाला लागलं तर सैल आहे, पुन्हा आवळायचं. मुलांच्या जॅकेटाला पायांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावलाच पाहिजे, मुलं कितीही कुरकुरली तरी. आणि जॅकेटावर बसायचं नाही. आतला फोम दबून मेला की ते बाहेरून भगवं दिसतं, पण पाण्यात निकामी ठरतं. बाकावर टाकून गादीसारखी वापरलेली जॅकेटं मी अनेक ठिकाणी पाहिली आहेत.

लोक जॅकेट टाळतात त्यामागे एक खरं कारणही आहे, ते आम्ही धक्क्यावरच्यांनी मान्य केलं पाहिजे. वास. दिवसभर दहा जणांच्या घामाने भिजलेलं, रात्री ढिगात कोंबलेलं, कोपऱ्यात काळी बुरशी धरलेलं जॅकेट कुणी आनंदाने घालणार नाही. मी हट्टाने गोड्या पाण्याने धुऊन सावलीत दोरीवर वाळवायची पद्धत चालू केली. बुधवारी होड्या कमी असतात, तो दिवस जॅकेटांचा. तेव्हापासून निम्मी भांडणं मिटली. सुरक्षिततेबद्दल दहा वाक्यं बोलण्यापेक्षा स्वच्छ जॅकेट हातात दिलेलं बरं, हा माझा अनुभव आहे.

पक्ष्यांपाशी वागण्याची रीत मात्र लोकांना समजावणं सगळ्यात कठीण गेलं. खाडीचा सोळाशे नव्वद हेक्टरचा भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण माणूस तिथे येतो तो टीव्हीवर पाहिलेलं दृश्य घेऊन: निळ्या आभाळात गुलाबी पंखांचा थवा. बसलेले पक्षी त्याला पुरत नाहीत. "जरा उडवा ना" ही मागणी मी जितक्या वेळा ऐकली, तितकी दुसरी कुठलीच ऐकली नसेल. कुणी टाळ्या वाजवतो, कुणी शिट्टी मारतो, कुणी तांडेलाच्या खिशात नोट सरकवून इंजिनाचा आवाज वाढवायला सांगतो.

शांत बसलात तर उडण्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतं. छोटा रोहित मान खाली घालतो, चोच उलटी करून गाळाच्या पातळ थरात फिरवतो आणि शेवाळाचे बारीक कण गाळून घेतो. इंजिन बंद असलं की शेकडो चोचींचा मिळून होणारा फसफस आवाज होडीपर्यंत येतो. पक्ष्यांचं बिनसलंय हेही आधी कळतं. प्रथम काही माना वर येतात. मग चरणं थांबतं. मग सगळा थवा एका दिशेने चालू लागतो, चाल भरभर होते. त्यानंतर पाण्यावरून धावत उड्डाण. रोहिताला जागच्या जागी उडता येत नाही, धाव घ्यावी लागते आणि त्यात त्याची ताकद खर्च होते. माना वर आल्या की होडी थांबवायची, चालू लागले की मागे घ्यायची, हा आमचा नियम. दिवसात दहा होड्यांनी दहा वेळा उडवलं तर त्याने चरायचं कधी?

हा नियम तांडेलांना पटला तो माझ्या भाषणामुळे नव्हे. एका हंगामात पक्षी नेहमीच्या जागेवर बसेनासे झाले. पुढे, आणखी पुढे सरकले. प्रत्येक फेरीला डिझेल जास्त लागू लागलं, वेळ वाढला आणि गिऱ्हाईकं "काहीच दिसलं नाही" म्हणून कुरकुरू लागली. तेव्हा त्याच म्हाताऱ्या तांडेलाने बाकीच्यांना बसवून सांगितलं की पाखरं आपणच हाकलली. खाडीतला एक जुना खुंट खूण म्हणून ठरला. त्याच्या अलीकडे इंजिन मंद, त्याच्यापाशी बंद. पुढचं अंतर पाण्याबरोबर वाहत जायचं. पुढच्या हंगामात थवे पुन्हा जवळ आले.

२० मे २०२४च्या रात्री घाटकोपरला पंतनगरच्या बाजूला विमानाला धडकून तीसहून जास्त रोहित मेले. दुसऱ्या दिवशी कितीतरी ओळखीच्यांचे फोन आले, काहीजण खरोखर रडत होते. त्यांतलेच काहीजण पूर्वी होडीत "उडवा ना" म्हणाले होते. त्यांना त्या दिवशी काही बोललो नाही. पुढच्या हंगामात तीच माणसं परत आली तेव्हा त्यांनी स्वतःहून शेजारच्यांना शिट्टी वाजवू दिली नाही.

खाडी मौजेची जागा होण्याच्या कितीतरी आधीपासून ती कुणाच्या तरी पोटापाण्याची जागा आहे. पाग टाकणारे, चिंबोऱ्या धरणारे, चिखलात हात घालून निवट्या काढणाऱ्या बायका. इंजिनाची होडी वेगाने जवळून गेली की उठलेली लाट त्यांच्या लहान होडीत पाणी भरते, म्हणून लांबूनच वेग कमी करायचा. जाळ्याचे तरंगणारे डबे दिसले की त्यांना वळसा घालायचा. समोरून होडी आली तर दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. आपण रस्त्यावर डावी बाजू धरतो, पाण्यावर उलट आहे, आणि नव्याने स्पीडबोट घेतलेले हौशी लोक इथेच गोंधळतात. जाळं टाकलेल्याला वाट मोकळी द्यायची, आपल्याला घाई असली तरी.

माणसांशी वागण्याचीही रीत आहे. एकदा होडीतल्या काही मुलींनी चिखलात काम करणाऱ्या बाईचे न विचारता फोटो काढायला सुरुवात केली, आणि त्यांच्यातल्या एकीने नाकाला रुमाल लावला. बाईने मान वर केली, म्हणाली, "बाय, वास माझा नाय. तुमच्या गटाराचा हाय." होडीत एकदम शांतता झाली. तिने खरं तेच सांगितलं होतं. खाडीत येणारा काळा पाट आमच्या-तुमच्या इमारतींतूनच येतो. त्या मुलींतल्या एकीने हात जोडून माफी मागितली, आणि परतताना धक्क्यावर तिच्याकडूनच चिंबोऱ्या घेतल्या.

प्लास्टिकचंही तेच. निर्माल्याची पिशवी, जुनी साडी, तुटक्या जाळ्याचा तुकडा पंख्यात गुंडाळला की इंजिन गुरगुरून बंद पडतं. तेव्हा तांडेल इंजिन उचलून कोयत्याने ते कापून काढतो. त्या वेळात वारा होडीला भलतीकडे नेतो. अशा वेळी कुणी मदत म्हणून मागे धावत येऊ नये, पाण्यात हात घालू नये. बसून राहणं हीच मदत. पक्ष्यांना शेव-गाठ्या टाकणाऱ्यांना मी स्पष्ट थांबवतो. कुरव पक्षी होडीभोवती घिरट्या घालतात ते बघायला मजा वाटते, पण तेलकट, खारट पीठ हे त्यांचं खाणं नाही.

दारूबद्दल मी कधीच वाद घालत नाही. बाटली दिसली की होडी सुटत नाही, बस्स. यात एका मोठ्या माणसाच्या पाहुण्यांनाही उतरवलं आहे आणि नंतर आलेले फोनही ऐकले आहेत.

वाऱ्याची गोष्ट राहिली. दुपारनंतर समुद्राकडून वारा वाढतो. ओहोटीचं पाणी बाहेर जात असताना तो वारा समोरून आला की आखूड, उभ्या लाटा उठतात आणि रुंद खाडीत लहान होडी आपटायला लागते. एप्रिल-मेमधे संध्याकाळी पारसिकच्या डोंगरामागे काळं दाटलं की कितीही फेऱ्या बाकी असोत, होड्या काठाला घ्यायच्या. वळवाचा वारा यायला वेळ लागत नाही. पाऊस सुरू झाला की हंगामच बंद. आमच्यातला एक तरुण तांडेल पूर्वी या बाबतीत थोडा धीट होता. उजनीची बातमी आल्यावर त्याने आपणहून मला सांगितलं, "मास्तर, डोंगरावर ढग दिसला का मला हाक मारत जा."

कायदाही आता बदलला आहे. देशातल्या जलमार्गांवरच्या नौकांसाठी १९१७ सालचा जुना कायदा जाऊन २०२१ साली नवा आला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीची नोंदणी, तपासणी, विमा आणि चालवणाऱ्याकडे पात्रतेचं प्रमाणपत्र या गोष्टी त्यात आहेत. काही तांडेलांना कागदपत्रांचा त्रास वाटतो, मला तो त्रास योग्य वाटतो. ज्याची होडी चांगली आहे आणि जो नियमाने माणसं बसवतो त्याला कागद दाखवताना भीती नसते. सरकारने मात्र या कागदांसाठी गरीब होडीवाल्याला दहा ठिकाणी फिरवू नये. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात गावातल्याच लोकांना या कामात घेतलं गेलं, ते मला फार चांगलं वाटतं. खाडीचा तळ ज्याच्या पायांना ठाऊक आहे तोच सुकाणूवर असावा.

तुम्ही कधी आलात तर एवढं करा. फोन करताना "किती वाजता सोयीचं पडेल" असं न विचारता "त्या दिवशी पाणी कधी आहे" असं विचारा आणि त्या वेळेच्या अर्धा तास आधी धक्क्यावर या. सुती टोपी, पाण्याची बाटली आणि तिचं रिकामं प्लास्टिक परत न्यायला पिशवी आणा. निघण्यापूर्वी शौचालयाला जाऊन या, होडीत ती सोय नसते. होडीच्या अंगावरचा माणसांचा आकडा वाचा आणि डोकी मोजा. जास्त भरली तर तुम्हीच उतरा. मुलाच्या मापाचं जॅकेट नसेल तर मुलाला नेऊ नका. आणि तांडेल पाण्याकडे बघून "आज नाय" म्हणाला, तर त्याच्याशी पैशांवरून हुज्जत घालू नका. त्याची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते, तरीही तो तुम्हाला परत पाठवत असतो.